भावाला एएमएल निघालाय: स्टेज कितवी समजायची आणि उपचार कसे होतात?

कृष्णाकाठची

नमस्कार. आम्ही सांगलीकडचे. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. मध्यंतरी ताप येत-जात होता, जिना चढला की धाप लागायची. मग दात घासताना हिरड्यांतून येणारं रक्त थांबेना. सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी ६२ हजार, प्लेटलेट १८ हजार, हिमोग्लोबिन ६.४. लगेच बोनमॅरो (हाडातल्या मज्जेची तपासणी) केली. रिपोर्टमध्ये ब्लास्ट ७१ टक्के लिहिलंय आणि खाली 'अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया' (एएमएल), म्हणजे रक्ताचा कॅन्सर.

घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतोय, कितवी स्टेज? रिपोर्टमध्ये स्टेज कुठेच लिहिलेली नाही. ७१ टक्के वाचून एका काकांनी आईसमोरच 'म्हणजे शेवटची' असं म्हटलं, तेव्हापासून आई जेवत नाहीये. डॉक्टर म्हणाले दोन दिवसांत ॲडमिट करा. हा आजार जवळून पाहिलेल्यांनी कृपया समजावून सांगा. काय विचारायचं तेही आम्हाला कळत नाहीये.

सूक्ष्मदर्शी

ताई, मी रक्तविकारांच्या लॅबमध्ये काम करतो. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकतो.

आधी आईंना सांगा: एएमएलला स्टेज नसते. स्टेज मोजतात ती गाठीच्या कॅन्सरमध्ये. गाठ केवढी आहे, शेजारच्या ग्रंथींत गेली का, दुसऱ्या अवयवात पोचली का, हे त्यात बघतात. रक्ताचा आजार पहिल्या दिवसापासून रक्ताबरोबर सगळीकडे फिरतच असतो, त्यामुळे 'पसरलाय का' या प्रश्नाला इथे अर्थ उरत नाही. पहिली नाही, शेवटचीही नाही. काकांनाही हे स्पष्ट सांगून टाका.

७१ टक्क्यांचं म्हणाल तर, ब्लास्ट म्हणजे मज्जेतली अगदी कोवळी पेशी. निरोगी मज्जेत त्या ५ टक्क्यांच्या आत असतात. २० टक्क्यांवर गेल्या की एएमएल म्हणतात, आणि काही ठरावीक जनुकीय बदल सापडले तर त्याहून कमी ब्लास्टवरही निदान होतं. हा आकडा निदानासाठी आहे. एकाचे ७१ आणि दुसऱ्याचे ३५ असले तर पहिल्याचा आजार दुप्पट पुढे गेलाय, असं नसतं.

अजून एक घोटाळा फार घरांत होतो. काही रिपोर्टमध्ये 'एएमएल एम४', 'एम५' असं लिहिलेलं असतं आणि लोक त्याला चौथी, पाचवी स्टेज समजतात. ते एम० ते एम७ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशी दिसते त्यावरून पाडलेले प्रकार. फ्रान्स, अमेरिका आणि ब्रिटनच्या तज्ज्ञांनी १९७६ मध्ये ही पद्धत सुरू केली. एम५ मधला पेशंट एम१ पेक्षा गंभीर असतोच असं नाही. आता तर उपचार ठरवताना या क्रमांकांना फारसं महत्त्व राहिलेलं नाही, एक एम३ सोडून. त्याबद्दल खाली लिहितो.

खरं महत्त्व आहे पेशीच्या आत काय बिघडलंय याला. त्यासाठी मज्जेच्या नमुन्यावर तीन तपासण्या होतात. फ्लो सायटोमेट्रीने पेशी कुठल्या वंशाची आहे ते कळतं, म्हणजे एएमएल की एएलएल (अ‍ॅक्यूट ल्युकेमियाचा दुसरा प्रकार). कॅरिओटाइप आणि फिशमधून गुणसूत्रांची मोडतोड दिसते. आणि जनुकांच्या तपासणीत एनपीएम१, एफएलटी३, सीईबीपीए, टीपी५३, आयडीएच वगैरे बदल शोधतात. यावरून रुग्ण अनुकूल, मध्यम की प्रतिकूल गटात ते ठरतं. गुणसूत्र ८ आणि २१ ची अदलाबदल किंवा १६ मधली उलटापालट सापडली तर अनुकूल. एनपीएम१ मध्ये बदल आहे आणि एफएलटी३ चा आयटीडी प्रकार नाही, तरी सहसा अनुकूल. आयटीडी असेल तर मध्यम. टीपी५३, सातवं गुणसूत्र गहाळ, किंवा एकाच वेळी अनेक गुणसूत्रांत बिघाड असेल तर प्रतिकूल. 'कितवी स्टेज'च्या जागी डॉक्टरांना हे विचारा: कुठल्या गटात आहे, आणि कुठले रिपोर्ट यायचे बाकी आहेत?

आज मात्र सगळ्यात आधी एक गोष्ट विचारा: 'हा एपीएल तर नाही ना?' एपीएल म्हणजेच जुना एम३. त्यात रक्त गोठण्याची यंत्रणा कोसळते आणि मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. नुसती शंका आली तरी रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायचं असतं. हिरड्यांतून रक्त तर प्लेटलेट कमी असल्यामुळेही येतं, त्यामुळे घाबरू नका, पण विचाराच.

कृष्णाकाठची

खूप खूप आभार. आत्ताच फोन करून विचारलं. एपीएल नाही म्हणाले, फिशमध्ये १५-१७ (एपीएलमधली गुणसूत्रांची अदलाबदल) निगेटिव्ह आलंय. आईला तुमचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. आज थोडं जेवली.

पुढे काय काय होतं? डॉक्टर 'सात-तीन' म्हणाले.

परळची_पाहुणी

ताई, माझ्या यजमानांना हाच आजार झाला होता आणि सात-तीनच दिलं होतं. काय काय होतं ते सविस्तर सांगते, कारण आम्हाला आधी कळलं असतं तर मन घट्ट करायला सोपं गेलं असतं.

सात दिवस सायटाराबिन, चोवीस तास थेंब-थेंब, आणि त्यांतले पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिन. ते लाल रंगाचं असतं, लघवीलाही लाल रंग येतो, ते रक्त नव्हे. या पहिल्या फेरीला इंडक्शन म्हणतात. त्याआधी हृदयाची टूडी इको होते, कारण लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं. हातातून किंवा छातीतून मोठ्या शिरेत औषधासाठी नळी (पिक लाइन नाहीतर हिकमन) घालतात. युरिक ॲसिड वाढू नये म्हणून गोळी आणि भरपूर सलाइन असतं.

आणि भावाचं लग्न झालं असो वा नसो, किमो सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. घाईत हे कुणी काढत नाही, आणि नंतर वेळ गेलेली असते. पुढे मूल हवं असेल तर तेवढाच मार्ग उरू शकतो. एक दिवस मिळाला तरी होतं.

किमोचे सात दिवस त्यामानाने सोपे. अवघड दिवस त्यानंतरचे. आजारी पेशींबरोबर चांगल्याही मरतात, आणि नव्या पेशी उगवेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात. तोंड आतून सोलवटतं, जुलाब होतात, आणि ताप तर येतोच. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की लगेच नर्सला सांगायचं, तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. घरी असताना ताप आला तर क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, अर्ध्या रात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठायचं. आपल्याकडे औषधांना दाद न देणारे जंतू आणि बुरशीचा संसर्ग फार, म्हणून या महिन्यात आजारापेक्षाही संसर्गाची भीती जास्त. भेटायला येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवत होते. वाईट दिसलं असेल, पण त्याची फिकीर करू नका.

खाणं म्हणाल तर ताजं शिजवलेलं, गरम. पाणी उकळलेलं. कोशिंबीर, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं, विरजलेलं उघडं दही बंद. जाड सालीचं फळ धुऊन, सोलून चालेल का ते वॉर्डच्या आहारतज्ज्ञांना विचारा.

प्लेटलेटसाठी आत्तापासून माणसं जोडा. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट. त्या पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत. दात्याला दीड-दोन तास बसावं लागतं. त्याने आधीचे काही दिवस ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. भावाच्या मित्रांचा एक ग्रुप करा आणि एकाच माणसाकडे त्याचं काम द्या. तुम्ही स्वतः त्यात पडू नका, तुम्हाला बाकी खूप आहे.

आजोळ

माझ्या वडिलांना ७२ व्या वर्षी एएमएल निघाला. कुणी वयस्कर रुग्णासाठी हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो.

त्या वयात सात-तीन झेपत नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. ॲझासायटिडिनची इंजेक्शनं महिन्यातून सात दिवस, आणि रोज व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या असं सुरू केलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या ॲझासायटिडिनवर मध्यक आयुर्मान ९.६ महिने होतं, दोन्ही मिळून १४.७. आकडा ऐकून मन खचतं, पण मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्यापुढे जातात. आणि बऱ्याच जणांचे यातले दिवस घरी, आपल्या माणसांत जातात. बाबा सकाळी पेपर वाचत, नातवाचा अभ्यास घेत. पहिल्या फेरीला ॲडमिट ठेवलं होतं, नंतर डे-केअर.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बुरशीविरोधी औषध, म्हणजे पोसाकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल, सोबत असेल तर व्हेनेटोक्लॅक्सचा डोस बराच कमी करावा लागतो. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी नवं औषध लिहून दिलं तर आधी आपल्या रक्ततज्ज्ञांना दाखवा. आणि ग्रेपफ्रूट, कमरख ही फळं या गोळीबरोबर अजिबात नकोत.

औदुंबर

आमच्या गावात एक वैद्य ब्लड कॅन्सरवर भस्म देतात. किमोबरोबर चालू केलं तर काही अपाय नाही ना? ॲलोपथीतही सोमल (आर्सेनिक) वापरतात असं ऐकलंय.

सूक्ष्मदर्शी

औदुंबर, कळकळीने सांगतो, किमो चालू असताना नको. भस्मात कुठला धातू किती आहे हे कळत नाही, यकृत आधीच ताणलेलं असतं, आणि किमोच्या औषधांचं प्रमाण बिघडतं. यकृताचे एंझाइम वाढले की किमो पुढे ढकलावी लागते, आणि एएमएलमध्ये पुढे ढकललेला आठवडा महाग पडतो.

सोमलाचं तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, पण ते फक्त एपीएलसाठी. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी आर्सेनिकचा उपयोग शोधला, आणि शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटाने अ जीवनसत्त्वापासून बनलेलं एट्रा हे औषध एपीएलसाठी वापरून १९८८ मध्ये निष्कर्ष छापले. आता फार जोखीम नसलेल्या एपीएलमध्ये ही दोन औषधं मिळून दिली जातात, किमोशिवाय. इटली आणि जर्मनीत झालेल्या, २०१३ मध्ये छापलेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर या उपचारावरचे ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता ठीक होते. पण तो आर्सेनिक ट्रायऑक्साइड शुद्ध स्वरूपात, मोजून, शिरेतून देतात. रोज नाही तरी वरचेवर ईसीजी काढतात, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघतात. बाकी एएमएलमध्ये त्याचा असा उपयोग नाही.

पुनश्च

एपीएलवाला मीच एक. कॉलेजात होतो तेव्हा झाला. अंगावर निळे डाग उठले होते, दुसऱ्याच दिवशी ॲडमिट. एट्रा आणि आर्सेनिकनेच बरा झालो, आता नोकरी करतो. उपचारात एकदा अचानक श्वास लागला आणि वजन वाढलं. त्याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात, स्टेरॉइड दिल्यावर उतरलं. असं झालं तर लपवू नका, लगेच सांगा. कृष्णाकाठची ताई, दादाला माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठची

सगळ्यांना नमस्कार. मधे वेळच मिळाला नाही. आम्ही भावाला मुंबईला आणलं, सात-तीन पूर्ण झालं. ताप तीन वेळा आला, एकदा फुप्फुसात बुरशीचा डाग दिसला, औषधाने कमी होतोय. आता पेशी वर येताहेत. काल बोनमॅरोचा रिपोर्ट आला: ब्लास्ट २ टक्के, 'रेमिशन' लिहिलंय! जनुकांचा रिपोर्टही मिळाला, एनपीएम१ पॉझिटिव्ह, एफएलटी३-आयटीडी निगेटिव्ह.

मग आता बरा झाला ना? तरी डॉक्टर अजून तीन-चार किमो म्हणतायत. भाऊ विचारतोय, आजार गेला तर पुन्हा का?

सूक्ष्मदर्शी

ताई, फार आनंद झाला! एनपीएम१ असून आयटीडी नाही, म्हणजे सहसा अनुकूल गट. पहिला मोठा टप्पा पार पडला.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर असं. रेमिशन म्हणजे मज्जेत ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १००० च्या वर आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर. साठीच्या आतल्या रुग्णांत पहिल्या इंडक्शननंतर साधारण ६० ते ८० टक्के जण इथवर येतात. पण सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नाही ते शरीरात नाही असं म्हणता येत नाही. अशा अवस्थेतही कोट्यवधी आजारी पेशी उरलेल्या असू शकतात, आणि इथेच थांबलं तर बहुतेकांत आजार काही महिन्यांत उलटतो. म्हणून पुढचा टप्पा, कन्सॉलिडेशन. यात सायटाराबिन मोठ्या डोसमध्ये, एक दिवसाआड तीन दिवस, दर बारा तासांनी देतात. अशा तीन-चार फेऱ्या होतात. मोठ्या डोसने डोळे लाल होतात म्हणून स्टेरॉइडचे थेंब चुकवायचे नाहीत. चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर ताबडतोब सांगायचं, तो मेंदूवरचा परिणाम असतो.

एनपीएम१ चा एक मोठा फायदा आहे. तो बदल उरलाय का हे पीसीआरने अगदी बारीक प्रमाणात मोजता येतं. याला एमआरडी म्हणतात. दोन फेऱ्यांनंतर रक्तातली एमआरडी निगेटिव्ह आली तर अनुकूल गटात सहसा बोनमॅरो ट्रान्सप्लांटशिवाय (दात्याच्या रक्त बनवणाऱ्या निरोगी पेशी न चढवता) पुढे जातात. पॉझिटिव्ह राहिली तर ट्रान्सप्लांटचा विचार होतो. पुढच्या भेटीत नेमकं विचारा: एमआरडी कधी करणार, आणि कुठल्या लॅबमध्ये? दर वेळी एकाच लॅबमधून करून घ्या, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

बाकी वाचकांसाठी: एफएलटी३ पॉझिटिव्ह असेल तर सात-तीनबरोबर मिडोस्टॉरिन किंवा क्विझार्टिनिबसारखी गोळी जोडतात, आणि आजार उलटला तर गिल्टेरिटिनिब. म्हणून एफएलटी३ चा रिपोर्ट पहिल्या आठवड्यातच मिळेल असं बघा. बाकीच्या जनुकांच्या मोठ्या पॅनेलला दोन-तीन आठवडे लागले तरी चालतात.

परळची_पाहुणी

ताई, पोरगं जिंकतंय बघा! मुंबईत राहायची सोय नीट झाली आहे का? नसेल तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे चौकशी करा. हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाचं पत्र लागतं, ते आधी घ्या. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत.

पैशांचं: रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतात. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान निधीचे अर्ज वेगळे. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला गावाहून आधीच मागवून ठेवा. सगळ्या बिलांचे आणि रिपोर्टचे फोटो काढून ठेवा. सगळीकडे तेच तेच मागतात.

कृष्णाकाठची

पालकर समितीत चौकशी करते, आत्ता नातेवाइकांकडे आहोत.

शेवटचं एक विचारू? ट्रान्सप्लांट लागलाच तर मी द्यायला तयार आहे. पण भावाचा ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह, माझा ओ पॉझिटिव्ह. मी बाद ना? आणि तोवर प्लेटलेट तरी देऊ का?

कोयनाकाठ

ताई, मी माझ्या भावाला स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) दिल्यात, म्हणून लिहितो. ब्लड ग्रुप जुळावा लागत नाही. जुळावं लागतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा. ते रक्ताच्या किंवा गालाच्या आतल्या नमुन्यावरून तपासतात. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के. आमच्या चार भावंडांत माझंच जुळलं. कुणाचंच जुळलं नाही तर अर्धं जुळणाऱ्या आई-वडिलांकडून, मुलांकडून किंवा भावंडांकडूनही करतात. शिवाय दात्रीसारख्या नोंदवहीत बाहेरचा दाता शोधता येतो. ट्रान्सप्लांटनंतर हळूहळू रुग्णाचा ब्लड ग्रुप दात्याचा होतो. माझा भाऊ ए चा ओ झालाय.

दात्याला फार काही होत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शन घेतली, हाडं ठणकली, मग एका हातातून रक्त मशीनमध्ये आणि दुसऱ्यातून परत, असे काही तास. दोन दिवसांत शेतावर गेलो. आपल्याकडे पहिला बोनमॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटामध्ये झाला. आता बऱ्याच शहरांत होतात, तेव्हा त्याची धास्ती घेऊ नका. अवघड असतं ते घेणाऱ्याला. दात्याच्या पेशी त्याच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर चालून जातात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि वर्षभर गोळ्या-तपासण्या चालतात. म्हणूनच एमआरडी निगेटिव्ह असेल तर उगाच करत नाहीत.

सूक्ष्मदर्शी

बरोबर. आणि ताई, प्लेटलेट किंवा रक्त मात्र तुम्ही देऊ नका, आई-वडील आणि इतर सख्ख्या नातेवाइकांनीही नको. घरच्यांचं रक्त आधी चढवलं तर भावाच्या शरीरात तुमच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि नंतर तुमच्याच स्टेम सेल घेताना ती आड येतात. रक्तपेढीत सांगून ठेवा की हा ट्रान्सप्लांटचा संभाव्य रुग्ण आहे, म्हणजे ते रक्त आणि प्लेटलेट विकिरण केलेल्या देतील. एचएलए तपासणीसाठी थांबायचं कारण नाही. दुसऱ्या फेरीच्या वेळीच तुमचा आणि बाकी भावंडांचा नमुना देऊन टाका, रिपोर्ट फायलीत राहू दे.

कृष्णाकाठची

आम्ही दोघंच भावंडं. सोमवारी दुसऱ्या फेरीला ॲडमिट करतोय, तेव्हाच नमुना देते. एमआरडीचा रिपोर्ट आला की इथेच लिहीन.